आई-वडिलांची केमोथेरपी : घरच्यांसाठी माहिती

उपचारस्थळ : सुरंगी-सिल्वासाकडील रुग्णास वापीहून मुंबईची रेल्वे मिळते; तेथे परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे.

दुष्परिणामांचे कारण : केमोथेरपीची औषधे शीघ्र विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करीत असल्यामुळे कर्कपेशींसमवेत केसांची मुळे, मुखाचे व आतड्यांचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांनाही त्यांची झळ पोचते.

ज्वर : मात्रेनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान श्वेतपेशी नीचांकास जातात; या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक भरल्यास, मध्यरात्र असली तरी, रुग्णालयास तत्काळ इत्तला द्यावी. डॉक्टरांना विचारल्यावाचून पॅरासिटामॉल देऊ नये. त्याने ताप झाकला जातो.

मळमळ : वांतिरोधक गोळी नेमल्या वेळी, उलटीची वाट न पाहता. पेज, मऊ भात थोडा थोडा.

मुखव्रण : मऊ ब्रश, मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या.

केस : सर्वच औषधांनी गळत नाहीत, गळाल्यास आरंभ बहुधा २ ते ३ आठवड्यांनी. उपचारांती काही महिन्यांत पुनश्च उगवतात.

खबरदारी : मात्रेनंतर किमान ४८ तास मलमूत्र वा वांती साफ करताना हातमोजे घालावेत.

भेद : दुष्परिणामांची तीव्रता हे औषध लागू पडल्याचे वा न पडल्याचे गमक नव्हे.