संशोधन कसे करतात? लेखांक ४ : कौंडण्यपूरची पांढरी आणि ‘नाही’ म्हणू शकणारा प्रश्न

संशोधनाचा आराखडा प्रश्नापासून सुरू होतो, आणि तो प्रश्न असा असावा लागतो की त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकेल. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. विदर्भराज भीष्मकाचे कुंडिनपूर ते हेच, रुक्मिणीचे माहेर हेच, अंबिकेच्या देवळापासून कृष्णाने तिला नेले ते इथूनच, अशी वऱ्हाडाची श्रद्धा आहे. आषाढीला इथून पंढरपूरला जाणारी पालखी त्या माहेराच्याच नात्याने जाते.

‘कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर आहे का?’ हा प्रश्न मनात सहज येतो. पण जमिनीत कितीही खोल गेले तरी त्याला नकार देऊ शकेल असा पुरावा हाती लागणार नाही. जुना वाडा सापडला तर तो भीष्मकाचा म्हणता येतो. नाही सापडला तर अजून खणायचे राहिले असे म्हणता येते. अरुणाचल प्रदेशात भीष्मकनगर नावाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तिथला इदू मिशमी समाज रुक्मिणीला आपली लेक मानतो. या दोन श्रद्धांत निवाडा करणे हे कुदळीचे काम नाही, आणि संशोधकाचेही नाही.

संशोधक त्याच कुतूहलातून दुसरे, लहान प्रश्न काढतो. या गावाखालची सर्वांत जुनी वस्ती कोणत्या काळातली? इसवी सनाच्या आसपास ती खेडे होती की नगर? आणि हे गाव म्हणजेच कुंडिन, ही समजूत लेखी स्वरूपात केव्हापासून दिसते? यांतल्या प्रत्येकाला चुकीचे ठरण्याची सोय आहे. दुसऱ्या प्रश्नात तर ‘नगर’ म्हणजे काय हे खणण्याआधीच ठरवून ठेवावे लागते : भाजक्या विटांची बांधकामे, सांडपाण्याची सोय, नाणी, मणी किंवा शंखकाम करणाऱ्या कारागिरांचा टाकाऊ माल. निकष मागाहून ठरवले तर जे सापडेल त्यालाच नगर म्हणण्याचा मोह होतो.

पुरावा कुठे शोधायचा याची पहिली खूण शेतकऱ्याच्या बोलीतच आहे. नांगराखालची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षे मातीची घरे पडली, त्यांवर नवी उभी राहिली, चुलीची राख आणि शेणमाती साचत गेली, की जमिनीचा रंग फिकट होतो आणि टेकाड तयार होते. पुरातत्त्वज्ञांनीही ‘पांढरी’ हाच शब्द उचलला. काळ्या शिवारात फिकट उंचवटा आणि त्यावर विखुरलेली खापरे दिसली की सर्वेक्षण करणारा तिथे थांबतो.

कौंडण्यपूरच्या पांढरीत १९६० च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्यातर्फे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले. प्राचीन मणी आणि काच यांचे ते जाणकार होते. अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. महापाषाण संस्कृतीच्या काळातील वस्ती, मग सातवाहन काळ आणि त्यानंतरचे अवशेष असा क्रम या जागी मिळाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे भक्कम झाले : इथे इसवी सनापूर्वी लोक राहत होते. ते कोणत्या राजाचे, हे त्या थरांनी सांगितले नाही; तसे विचारलेलेही नव्हते.

थरांचा नियम सोपा आहे. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. अडचण येते ती माणसांमुळे आणि मातीमुळे. सातवाहनकालीन घरमालकाने धान्याचे पेव खणले, तर त्याच्या काळातले खापर महापाषाणकालीन थराच्या पातळीला जाऊन बसते. वऱ्हाडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात-हात भेगा पडतात. वरचे नाणे भेगेत घरंगळते आणि पहिल्या पावसात भेग मिटते. म्हणून एकटे नाणे काळ ठरवत नाही. ते कोणत्या थरात, किती खोलीवर, कोणत्या खापरांसोबत आणि पेवात की पेवाबाहेर मिळाले, ही नोंद म्हणजेच त्याचा संदर्भ. संदर्भ हरवलेले नाणे कपाटात शोभते, पण संशोधनात त्याची किंमत फारच थोडी उरते. शेतात सापडलेली वस्तू जागा न सांगता दिली-घेतली जाते तेव्हा नेमके हेच नुकसान होते, आणि ते कधीच भरून येत नाही. चौकोनी खड्ड्यांच्या मध्ये मातीचे उभे बांध राखून ठेवण्याची पद्धत मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ नंतर भारतात रुजवली, तीही यासाठीच : बांधाच्या उभ्या कापात थर डोळ्यांनी पुन्हा तपासता येतात.

नमुन्याचा प्रश्न याहून अवघड. अख्खी पांढरी कोणीच खणत नाही. अरुंद चर खोल नेला तर काळाचा क्रम कळतो, पण गावाचा विस्तार कळत नाही. रुंद आणि उथळ खणले तर गल्ल्या आणि घरे दिसतात, पण एकाच काळाची. शिवाय जिथे आज घरे उभी आहेत तिथे खणता येत नाही, म्हणजे जागा बऱ्याचदा सोयीने निवडली जाते. अशा नमुन्यावरून ‘इथे तटबंदी सापडली नाही’ एवढे म्हणता येते. ‘तटबंदी नव्हती’ असे म्हणता येत नाही.

काळ मोजण्यासाठी जळके लाकूड किंवा धान्य कार्बन-१४ चाचणीला पाठवतात. या कार्बनचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे. चाचणी झाड वाढले तो काळ सांगते, घर बांधले तो नव्हे. सागाचे आढे एका घरातून काढून दुसऱ्या घराला घालतात, हे वऱ्हाडात कोणालाही माहीत आहे. तसेच प्राचीन काळीही घडत असणार. एका हंगामात पिकलेला, जळका दाणा म्हणूनच अधिक भरवशाचा.

स्थाननिश्चिती चुकीची ठरू शकते, हे विदर्भातच घडले आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रामटेकजवळच्या मनसर येथे उत्खनन झाले, तिथे प्रवरेश्वराचे नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या, आणि अनेक अभ्यासक मनसरच्या बाजूला वळले. मिराशींनी आपली मांडणी ताम्रपट आणि स्थलनामे यांवर, पडताळता येईल अशी केली होती. म्हणूनच नव्या पुराव्याला तिच्याशी वाद घालता आला.

तिसरा प्रश्न कागदांचा. ग्रंथाचा काळ वेगळा आणि त्यात सांगितलेल्या घटनेचा वेगळा, हे पहिले पथ्य. महानुभाव कवी नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ तेराव्या शतकाच्या अखेरचे, एकनाथांचे १५७१ चे. भीष्मकाच्या काळाविषयी ते साक्ष देऊ शकत नाहीत. पण त्या त्या शतकात मराठी माणूस कुंडिनपुराची कल्पना कशी करत होता, याची ते उत्तम साक्ष आहेत. पालखीची परंपरा सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये सुरू केली असे सांगतात. हे वर्ष तपासायचे तर सनदा, इनामाची कागदपत्रे आणि देवस्थानाच्या वह्या चाळाव्या लागतील, आणि प्रत्येक कागद कोणी, केव्हा, कशासाठी लिहिला हे आधी पाहावे लागेल. वारकऱ्याची श्रद्धा त्या तपासावर अवलंबून नाही. ती कधीपासून, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या आधाराने चालत आली, हे मात्र शोधता येते. आणि त्याचे उत्तर पांढरीत नाही, दप्तरात आहे.