शिंकानसेनच्या वेगाचा आलेख

शिंकानसेन या जपानी बुलेट ट्रेनने शिन-योकोहामा स्टेशन सोडलं की मी फोनवर जीपीएसचा वेग लावून बसते. आकडा आधी झपाझप चढतो, मग चढण्याचा जोर ओसरतो. सगळं कलनशास्त्र त्यातच आहे!

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग घ्या. आलेखाचा चढ म्हणजे त्वरण. तो विकलनाने मिळतो. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, ते संकलनाने. (रूळ वळतात, म्हणून काटेकोर बोलायचं तर कापलेलं अंतर.)

एन७०० गाडीचं सुरुवातीचं त्वरण दर सेकंदाला ताशी २.६ किमी. ते तसंच टिकलं असतं, तर ताशी २७० किमीचा वेग साधारण १०४ सेकंदांत आला असता. आलेख सरळ रेष, खाली त्रिकोण: ½ × १०४ × ७५ = ३,९०० मीटर.

प्रत्यक्षात सुमारे ३ मिनिटं लागतात. वेग वाढतो तसा हवेचा रोध वाढतो, मोटरची ओढ कमी होते. त्वरण घसरतं आणि रेष वर फुगून वाकते. त्यामुळे क्षेत्रफळ १८० सेकंदांच्या त्रिकोणापेक्षा, म्हणजे ६,७५० मीटरपेक्षाही जास्त भरतं. मला हा फुगवटाच सगळ्यात आवडतो.

ब्रेक लागल्यावर त्वरणाचा आलेख कसा दिसेल? काढून बघा, अडलं तर बिनधास्त विचारा.