सुटे भाग पास, मग यंत्र का पडतं?

मराठवाड्यातल्या वाटूर फाट्यावरच्या एखाद्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात अर्ज टाइप करून होतो, ‘सेव्ह’ दाबलं जातं आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. लाइट आल्यावर फाइल कधी सापडते, कधी नाही. ‘नशीब’ म्हणून आपण विषय सोडून देतो. पण ती फाइल वाचणं नशिबावर नसतं. लिहिता लिहिता वीज जाण्याचा तो क्षण कुणीतरी आधी मुद्दाम घडवून पाहिला होता का, यावर ते बरंचसं ठरतं.

असं मुद्दाम घडवून पाहण्याचं काम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या तळाच्या सॉफ्टवेअरची इंटिग्रेशन टेस्टिंग, म्हणजेच एकत्रित चाचणी. तळाचं सॉफ्टवेअर म्हणजे मशीन चालू होताच जागं होणारा बूटलोडर, मेमरी आणि प्रोसेसर वाटून देणारा कर्नल, डिस्क-स्क्रीन-नेटवर्कशी बोलणारे ड्रायव्हर आणि फाइल सिस्टीम. खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तळाशी लिनक्सचा कर्नलच असतो. या चाचण्यांबद्दल कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांमध्येही बरेच गैरसमज आहेत, आणि त्यांची किंमत शेवटी वापरणारा माणूस मोजतो.

सगळ्यात मुरलेला समज हा, की प्रत्येक भाग वेगवेगळा तपासून पास झाला तर सगळं मिळून चालणारच. विहिरीवर मोटर बसवलेल्या कुणालाही हे पटणार नाही. मोटर दुकानात फिरलेली असते, स्टार्टर नवा असतो, केबल चांगल्या कंपनीची असते. तरी रात्रीच्या कमी दाबाच्या लाइटीवर तिन्ही एकत्र आले की मोटर उचलत नाही. दोष तिघांपैकी एकातही नसतो, जोडणीत असतो.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण 2018 सालचं आहे. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा, काळजीपूर्वक लिहिलेला डेटाबेस. एखाद्या प्रोग्रॅमने फाइलमध्ये काही लिहिलं की कर्नल ते लगेच डिस्कवर नेत नाही, आधी मेमरीत ठेवतो. ‘आत्ताच डिस्कवर उतरव’ असं सांगायला ‘एफसिंक’ नावाची हाक आहे. डिस्कने लिहायला नकार दिला तर एफसिंक चूक कळवतो, आणि पोस्टग्रेस थोड्या वेळाने पुन्हा हाक मारत असे. गोम अशी होती, की लिनक्सचा कर्नल चूक एकदा कळवल्यावर मेमरीतल्या त्या पानांना ‘आता उतरवायचं काही उरलं नाही’ असा शिक्का मारून मोकळा होई. दुसऱ्या हाकेला उत्तर येई, ‘सगळं ठीक.’ डेटाबेस निश्चिंत होई, आणि डिस्कवर मात्र काहीच पोचलेलं नसे. डेटाबेस आपल्या समजुतीप्रमाणे बरोबर होता, कर्नल आपल्या. दोघांच्या समजुती एकमेकींशी जुळत नाहीत, हे सुमारे 20 वर्षं लक्षात आलं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये पोस्टग्रेसने आपली रीत बदलली: एफसिंक फसला की पुन्हा हाक मारायची नाही, सरळ थांबायचं आणि आधी लिहून ठेवलेल्या नोंदवहीवरून सगळं परत उभं करायचं.

हे इतकी वर्षं का निसटलं? बहुतेक चाचण्या चांगल्या डिस्कवर होतात म्हणून. ‘सगळं सुरळीत असताना चाललं की चाचणी झाली’ हा दुसरा समज इथे नडतो. तळाच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा बिघाडात असते, म्हणून बिघाड तयार करावा लागतो. त्यासाठीची साधनं लिनक्समध्येच आहेत. ‘डीएम-फ्लेकी’ ही खोटी डिस्क काही सेकंद नीट वागते, मग ठरवलेला वेळ बिघडते. ‘डीएम-लॉग-राइट्स’ डिस्कवर कोणत्या क्रमाने काय लिहिलं गेलं त्याची नोंद ठेवतं. मग ती नोंद हव्या त्या जागी तोडून, ‘इथे लाइट गेली असती तर?’ हे पाहता येतं, आणि तेही एकाच नोंदीवर वेगवेगळ्या ठिकाणी. फाइल सिस्टीमसाठीचा ‘एक्सएफएस-टेस्ट्स’ हा चाचणीसंच ही दोन्ही वापरतो. मराठवाड्यात लाइट जाणं नवं नाही. दुकानातल्या त्या फाइलीची काळजी घेणारं काम ते हेच.

‘बदल छोटा आहे, कोडला हातही लावलेला नाही, फक्त डेटाची फाइल आहे; पूर्ण चाचणी कशाला?’ या समजाने 19 जुलै 2024 रोजी जग थांबवलं. क्राउडस्ट्राइक कंपनीचं सुरक्षा-सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलच्या पातळीवर चालतं. भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 ला तिने एक छोटी माहितीची फाइल जगभर पाठवली. 10.57 ला ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. मुंबई विमानतळावर रांगा लागल्या, देशात काही ठिकाणी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने नंतर सांगितलेलं कारण वाचताना वाईट वाटतं, इतकं ते साधं आहे. अशा फाइलींच्या नव्या साच्यात 21 रकाने धरले होते. प्रत्यक्ष कर्नलमधला कोड 20 च मूल्यं पुरवत होता. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं भरलेलं होतं, त्यामुळे तिकडे कुणी पाहिलंच नाही. त्या दिवशीच्या फाइलीने तो रकाना पहिल्यांदा खरोखर वाचायला लावला. फाइल तपासणारा प्रोग्रॅमही 21 रकाने गृहीत धरून होता, म्हणून त्याने ती पास केली. ही फाइल एका चालू विंडोज मशीनवर चढवून मशीन नुसतं सुरू करून पाहिलं असतं, तरी सगळं समोर आलं असतं.

यावर मुलं विचारतात, कर्नलच कोसळला तर चाचणी कोण चालवणार? प्रश्न योग्य आहे, आणि तळाच्या चाचण्यांचं वेगळेपण त्यातच आहे. साध्या ॲपच्या चाचणीत तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच मशीनवर राहू शकतात, कारण ॲप पडलं तरी मशीन उभं असतं. कर्नल पडला की त्याच्या आतला तपासणाराही त्याच्याबरोबर जातो. ‘मी नापास’ असं सांगायलाही कुणी उरत नाही. म्हणून पहारेकरी बाहेर बसवावा लागतो. तो सिरियल कन्सोलवर, म्हणजे मशीन आपले संदेश बाहेर पाठवतं त्या वाटेवर, येणाऱ्या ओळी वाचत राहतो, आणि ठरलेल्या वेळेत शेवटची ओळ आली नाही तर निकाल नापास धरतो. गप्प राहणं हेही उत्तर आहे, आणि ते वाईट उत्तर आहे. ‘त्रुटीचा संदेश आला नाही म्हणजे पास’ असं गृहीत धरणाऱ्या चाचण्या नसलेल्याच बऱ्या.

‘या कामाला मोठ्या कंपनीची लॅब लागते’ हे अर्धंच खरं. फॅब्रिस बेलार्ड यांनी 2003 मध्ये सुरू केलेला ‘क्यूएमू’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लॅपटॉपच्या आत दुसरं आख्खं कॉम्प्युटर उभं करतो: प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड, सगळं. त्यात नवा कर्नल बूट करायचा, आत एक छोटा प्रोग्रॅम चाचण्या चालवतो, निकाल कन्सोलवर लिहितो आणि मशीन बंद करतो. आतला कर्नल पडला तरी खऱ्या लॅपटॉपला धक्का लागत नाही. वाटूरच्या मुलाला यासाठी पुण्याला जायची गरज नाही. जुना लॅपटॉप आणि लिनक्सचा सोर्स कोड पुरे, आणि ‘के-सेल्फटेस्ट’ या नावाच्या चाचण्या त्या कोडबरोबरच येतात.

उरलेलं अर्धं सत्य असं, की क्यूएमूतली डिस्क फार सज्जन असते. खऱ्या चिपचे नखरे, फर्मवेअरच्या चुका, तापल्यावर बदलणारा वेग तिथे दिसत नाहीत. म्हणून ‘कर्नल-सीआय’सारखे प्रकल्प वेगवेगळ्या लॅबमधल्या खऱ्या बोर्डांवर रोज नवा कर्नल बूट करून पाहतात.

आपल्या भागातलं एकत्रित चाचणीचं मोठं उदाहरण रुळांवर आहे. दक्षिण मध्य रेल्वेने गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ ही यंत्रणा सुरुवातीला ज्या 1465 किलोमीटर मार्गावर बसवली, त्यात मनमाड–परभणी–नांदेड हा टप्पा येतो. परतूर स्टेशन याच मार्गावर आहे. इंजिनातलं यंत्र, स्टेशनातलं यंत्र, रुळांमधले आरएफआयडी टॅग आणि रेडिओ या सगळ्यांचं एकमेकांशी जुळलं तरच गाडी वेळेत थांबते. प्रवासी गाड्यांवर प्रत्यक्ष चाचण्या फेब्रुवारी 2016 मध्ये सुरू झाल्या. 4 मार्च 2022 रोजी सिकंदराबाद विभागात गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्टेशनांदरम्यान रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात असताना समोर दुसरं इंजिन ठेवलं गेलं, आणि ‘कवच’ने ते 380 मीटर दूर असतानाच ब्रेक लावून गाडी थांबवली. एकत्रित चाचणी याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

एक सवय मात्र मनापासून सोडायला हवी. चाचणी एकदा नापास होते, पुन्हा चालवली की पास होते, आणि ‘असंच असतं कधी कधी’ म्हणून पुढे जातात. 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान तिथे आपोआप रीसेट होऊ लागलं. हा दोष उतरण्याआधीही दिसला होता, शोधायला गेल्यावर मात्र पुन्हा घडला नव्हता. महत्त्वाचं काम कमी महत्त्वाच्या कामाने धरून ठेवलेल्या कुलुपापाशी अडकत होतं, आणि तेही विशिष्ट वेळ जुळून आली तरच. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तो दोष घडवून शोधला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. कधीतरीच नापास होणारी चाचणी बहुधा वेळेच्या अशाच गुंत्याकडे बोट दाखवत असते. ती बंद करू नये, शंभर वेळा चालवावी आणि प्रत्येक वेळचा कन्सोल जपून ठेवावा.

आणि सुरुवात करणाऱ्याने पहिली चाचणी पहारेकऱ्याचीच घ्यावी. क्यूएमूतल्या लिनक्समध्ये, ‘प्रॉक’खालच्या ‘सिसआरक्यू-ट्रिगर’ फाइलीत रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून ‘सी’ हे एक अक्षर लिहिलं की कर्नल मुद्दाम कोसळतो. त्यानंतर बाहेरचा प्रोग्रॅम ‘नापास’ म्हणाला तर पुढच्या चाचण्या लिहायला घ्याव्यात. ‘पास’ म्हणाला किंवा तसाच ताटकळत बसला, तर आधी तो दुरुस्त करावा.