शटर उघडण्याआधीची मॅच

माझा मित्र फुटबॉल कोच व्हायला शिकतोय. लंडनला वेम्बलीवर इंग्लंडची मॅच बघायला गेला. ९०,००० लोकांचं स्टेडियम. हा मात्र तासभर आधीच जाऊन बसला, वॉर्म-अप बघायला. म्हणाला, "गोल सगळेच बघतात, मी तयारी बघितली."

४५ मिनिटांचे दोन हाफ, मध्ये १५ मिनिटं. कोचला निवांत बोलायला मिळतं ते तेवढंच.

मला माझी पहिली दिवाळी आठवली. गिऱ्हाईक दारात आणि मी सुट्टे शोधतोय! त्या दिवशी गेलेली काही गिऱ्हाइकं परत फिरकलीच नाहीत.

आता सुट्टे, पिशव्या, बिलबुक आदल्या रात्रीच काउंटरवर. दुपारी गर्दी ओसरली की पोरांना एकच प्रश्न: काय अडतंय? संध्याकाळच्या गर्दीआधी तेवढंच सुधारायचं.

तुमच्या दुकानाचा वॉर्म-अप किती वाजता असतो?