तगराची सागरी ठेव : तेरचे लामतुरे संग्रहालय

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्याच्या शिवारात पडलेला पाऊस अखेर गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतो, पण एवढा भूगोल सोडला तर मराठवाड्याचा समुद्राशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सागरी वारसा म्हटले की जलदुर्ग, आरमार आणि गलबते आठवतात, आणि तो जपणारी माणसे म्हटली की जलदुर्गांवरचे रान साफ करणारे दुर्गप्रेमी डोळ्यांपुढे येतात, किंवा मनोहर अवटी या नौदल अधिकाऱ्याने 1978 साली मुंबईत स्थापन केलेल्या सागरी इतिहास संस्थेसारखी संस्था. ही कामे मोलाचीच आहेत. मात्र बंदर हे व्यापाराचे केवळ तोंड असते आणि त्या तोंडात जाणारा माल जिथे विणला, घडवला व गोळा केला जात होता त्या बाजारपेठा पुष्कळदा किनाऱ्यापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर असत. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे अशा पेठांपैकी एक, आणि तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय हे एका गावकऱ्याने स्वयंप्रेरणेने जमवलेल्या संग्रहातून उभे राहिलेले, सागरी व्यापाराचे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे दप्तर आहे.

तेर तेरणा नदीच्या काठी, अरबी समुद्रापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर वसले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र, अरबस्तान आणि भारत यांच्या किनाऱ्यांची जी मार्गदर्शिका लिहिली, आणि जी आज ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते, तिच्यात ‘तगर’ या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. बारिगाझा, म्हणजे आजचे भडोच, येथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर ती देते. तगरहून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे विपुल प्रमाणात येतात आणि किनाऱ्याकडील प्रदेशांतून तेथे पोचलेला इतर मालही पुढे निघतो, असे सांगते. आणि हे सारे धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेले जाते, हेही नोंदवते. तेरला कल्याण हे बंदर भडोचपेक्षा कितीतरी जवळचे. तरी माल एवढा वळसा का घेत असे, याचा उलगडा त्याच ग्रंथात होतो. कल्याण पूर्वी कायदेशीर व्यापाराचे ठिकाण होते, परंतु सत्ता बदलल्यावर तिथे चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे लेखक म्हणतो. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्यातील संघर्षाची झळ अशी थेट विणकरांच्या पेठेपर्यंत पोचली असणार.

हे तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर विद्वानांत बराच काळ वाद होता. कोणी देवगिरी सुचवले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर; पण 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तेरच्या बाजूने मांडलेले प्रमाण पुढे सर्वमान्य झाले. याच नावाचा आणखी एक धागा किनाऱ्याला जोडलेला आहे. उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, म्हणजे समुद्रावर सत्ता गाजवणारे हे घराणे आपले मूळ तेरात सांगत असे. आणि त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, कोरलेल्या वल्ह्यांच्या नौकांचा संबंध अनेक अभ्यासक याच युद्धाशी जोडतात. त्या युद्धाच्या दोन्ही पक्षांचे धागे असे घाटावरच्या मुलखात पोचतात, ही गोष्ट सागरी इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच ठळकपणे येते.

तेरच्या भोवती जुन्या वस्तीची टेकाडे आहेत. अशा जागेला खेडोपाडी ‘पांढरी’ म्हणतात, कारण शतकानुशतकांची राख, पडलेल्या घरांची माती आणि केरकचरा मिसळून तिथली जमीन पांढुरकी होते; ही माती भिंतींना आणि शेताला उपयोगी पडत असल्याने ती उकरून नेण्याची रीत जुनी आहे, आणि पावसाळ्यात तिच्यातून खापरे, मणी, नाणी आपोआप वर येतात. बहुतेक गावांत या वस्तू पोरांच्या खेळात किंवा भंगारात जातात. तेरात त्या गेल्या नाहीत, याचे मोठे श्रेय रामलिंगप्पा लामतुरे यांना आहे. ते पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते आणि कोणत्याही खात्याने त्यांना हे काम सोपवलेले नव्हते. तरी त्यांनी जमवलेल्या वस्तूंची संख्या हजारांत मोजावी लागते. हा संग्रह पुढे शासनाच्या ताब्यात आला व संग्रहालयाला त्यांचे नाव दिले गेले.

संग्रहातील काही वस्तू जवळून पाहण्याजोग्या आहेत. केओलिन या शुभ्र, बारीक पोताच्या मातीच्या मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या असत, म्हणजे पुढचा व मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून मग जोडला जाई, त्यामुळे मूर्ती आतून पोकळ व हलकी राही. रोमन नाण्यांची नक्कल असलेली मातीची पदके दोऱ्यात ओवून गळ्यात घालण्यासाठी केलेली होती. परदेशी सम्राटाचा मुखवटा इथे चलन राहिला नव्हता, दागिना झाला होता, आणि सोन्याचे नाणे ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यापर्यंतही तो पोचला होता. संत गोरोबाकाकांचे, म्हणजे गोरा कुंभारांचे, हे गाव त्यांच्या कितीतरी आधीपासून कुंभारकामात निष्णात होते, असेच म्हणावे लागते. सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 1938 साली भारतीय घडणीची अशीच एक मूर्ती मिळाली, तेव्हा ती कोठून गेली असावी हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना अभ्यासकांना तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील मूर्ती तुलनेला घ्याव्या लागल्या. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी 1960 साली तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, तीही याच ठेव्यामुळे.

अशा संग्रहाला एक मर्यादा असते आणि ती लपवण्याचे कारण नाही. उत्खननात वस्तू कोणत्या थरात मिळाली याची नोंद होते आणि त्यावरून तिचा काळ ठरतो. वेचलेल्या वस्तूला हा थर नसतो. बा. ना. चापेकर यांनी 1958 साली तेरात केलेल्या उत्खननाने व त्यानंतरच्या खोदकामांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. तथापि उत्खननाचा चर टेकाडाचा लहानसा भागच उघडतो, तर वर्षानुवर्षे गावात राहणारा संग्राहक सगळ्या टेकाडांवर प्रत्येक पावसाळ्यानंतर फिरू शकतो. दोन्ही पद्धतींना एकमेकींची गरज आहे, आणि सोय असलेल्या पद्धतीने दुसरीला हौशी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरते. पेरिप्लसमधील दुसरे नगर पैठण, तेथील शासकीय संग्रहालयही बाळासाहेब पाटील या स्थानिक संग्राहकाच्या नावाचे आहे. दक्षिणापथाच्या ज्या दोन पेठांची नोंद परदेशी व्यापाऱ्याने केली, त्या दोन्हींची ठेव अशा खाजगी चिकाटीने वाचावी, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

साठवलेल्या खापराचे मोल पुढेही बदलत राहते. पश्चिम भारतातील कित्येक ठिकाणची जाड खापरे पूर्वी सरसकट रोमन मद्यकुंभांची, म्हणजे ‘अँफोरा’ची, समजली जात; पण पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टोंबर यांनी मातीचा पोत व आतला डांबरी लेप तपासून त्यांतील पुष्कळशी मेसोपोटेमियाकडच्या, बुडाशी निमुळत्या ‘टॉर्पेडो’ रांजणांची असल्याचे दाखवले, आणि रोमपुरता समजला जाणारा व्यापार इराणी आखातापर्यंत पसरलेला दिसू लागला. ही फेरतपासणी शक्य झाली, कारण ज्या काळी त्या खापरांना कोणी विचारत नव्हते त्या काळीही ती फेकून न देता कपाटात ठेवली गेली होती.