डोंगर सगळ्यात शेवटी

कादंबरीसाठी काल्पनिक जगाचा नकाशा काढायचा म्हटलं की माझ्या भूगोलाच्या वर्गातली मुलं आधी डोंगर काढतात. मी ते पुसायला लावते. आधी भूपट्ट आखा, सात-आठ मोठे, काही लहान, आणि प्रत्येकावर सरकण्याच्या दिशेचा बाण द्या.

बाण समोरासमोर आले तर काय? भारतीय भूपट्ट युरेशियाला भिडला आणि हिमालय उभा राहिला. अजूनही तो भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेकडे रेटतोच आहे. खंडाला खंड भिडल्यामुळे तिथे ज्वालामुखींची रांग नाही. नाझ्का हा समुद्री भूपट्ट मात्र दक्षिण अमेरिकेखाली घुसतो, म्हणून अँडीजमध्ये ज्वालामुखी आणि किनाऱ्यालगत खोल सागरी गर्ता. बाण दूर जाणारे असले की मधे अटलांटिकसारखा समुद्र उघडतो.

टॉल्किनच्या कादंबऱ्यांतल्या मॉर्डोर या प्रदेशाला डोंगरांनी जवळजवळ काटकोनात वेढलंय. मुलं हसतात. पण ती पुस्तकं १९५४-५५ची, भूपट्ट सिद्धांत रुळला १९६०च्या दशकात. हसण्यात अर्थ नाही.

सह्याद्रीचं काय, असं कुणीतरी विचारतंच. प्रश्न बरोबर आहे. तो टकरीतून आलेला नाही, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, खंड फाटल्यावर उरलेला हा उंच काठ. म्हणूनच गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर उगम पावून थेट बंगालच्या उपसागराला जाते.

घरी करून बघायचं असेल तर कागद नको, जुना रबरी चेंडू घ्या. कागदाच्या कडेला भूपट्ट संपत नाहीत.