हिवतापाची चाचणी-पट्टी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोलीतील भामरागड, एटापल्ली यांसारख्या तालुक्यांत आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात, जिथे सूक्ष्मदर्शक व तंत्रज्ञ सहज उपलब्ध नसतात, तिथे आशा स्वयंसेविका बोटातील रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन पंधरा-वीस मिनिटांत हिवतापाची तपासणी करतात. या पट्टीचे काम प्रतिपिंडांवर, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनांवर चालते. एकाच साच्याची प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तेवढी तयार करण्याची पद्धत कोहलर व मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केली.

गैरसमज: पट्टी रुग्णाच्या शरीरातील प्रतिपिंडे शोधते.
वस्तुस्थिती: प्रतिपिंडे पट्टीतच बसवलेली असतात आणि ती हिवतापाच्या परजीवीची प्रथिने पकडतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या दुहेरी संचात एक रेषा फॅल्सिपेरम या परजीवी-जातीच्या एचआरपी-2 या प्रथिनासाठी असते, तर दुसरी व्हायव्हॅक्स या जातीच्या पीएलडीएच या विकरासाठी, म्हणजे साखरेपासून ऊर्जा मिळवताना परजीवीला लागणाऱ्या एन्झाइमसाठी, असते. दोन्ही जातींचे औषधोपचार वेगळे असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

गैरसमज: नियंत्रण रेषा उमटली, म्हणजे पट्टी निर्दोष आहे.
वस्तुस्थिती: प्रत्येक तपासणीत उमटणे अपेक्षित असलेली ती रेषा द्रव शेवटपर्यंत वाहिला आणि रेषा दिसावी म्हणून रंगीत कण लावलेली प्रतिपिंडे त्याच्यासोबत पोहोचली एवढेच दाखवते; चाचणी-रेषेवरील प्रतिपिंडे उष्णतेने निकामी झाली असली, तरी नियंत्रण रेषा उमटू शकते. संचावर छापलेली तापमानाची कमाल मर्यादा सहसा 30 ते 40 अंश सेल्सिअस असते आणि चंद्रपूरचा उन्हाळा 45 अंशांच्याही वर जातो, त्यामुळे साठवणुकीची काळजी हा निदानाचाच भाग ठरतो.

गैरसमज: फिकट रेषा म्हणजे संशयास्पद निकाल, आणि उपचारानंतरची रेषा म्हणजे औषध निष्फळ.
वस्तुस्थिती: ठरवून दिलेल्या वेळेत दिसलेली फिकट रेषाही होकारार्थीच धरली जाते. मात्र परजीवी मेल्यानंतरही एचआरपी-2 रक्तात काही आठवडे राहू शकते, म्हणून उपचाराचा परिणाम तपासायला रक्तनमुन्याची सूक्ष्मदर्शकीय तपासणी लागते. पीएलडीएच जिवंत परजीवीच तयार करत असल्याने ते त्यामानाने लवकर नाहीसे होते.

गैरसमज: रेषा नाही, म्हणजे हिवताप नाही.
वस्तुस्थिती: रक्तातील परजीवींची संख्या फार कमी असली, तर पकडण्याइतके प्रथिन नसते. शिवाय एचआरपी-2 चे जनुकच गमावलेले फॅल्सिपेरम परजीवी पेरूमध्ये आढळल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले आणि अशा परजीवीपुढे त्या रेषेचे प्रतिपिंड निरुपयोगी ठरते. म्हणून ताप कायम असल्यास तपासणी पुन्हा करणे व रक्तनमुना प्रयोगशाळेत पाठवणे आवश्यक असते.